टाळेबंदीतील खिडकी

‘टाळेबंदी’ हा शब्द आम्हा कामगार चळवळीतील माणसांच्या फार जुन्या परिचयाचा आहे. कामगार काम थांबवतात तो संप आणि मालक दाराला कुलूप घालतो ती टाळेबंदी. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने दोहोंची व्याख्या करून ठेवली होती आणि आमच्या उमेदीची वर्षे त्या दोन व्याख्यांमध्ये येरझारा घालण्यात गेली. २०२० च्या मार्चमध्ये वर्तमानपत्रांनी हाच शब्द उचलून साऱ्या देशाला लावला, तेव्हा आमच्या कानाला तो चमत्कारिक लागला. या खेपेस कुलूप कारखान्याला होते तसे घरालाही होते. फाटकावर जाऊन घोषणा द्याव्यात तर रस्त्यावर पाऊल टाकण्याचीच बंदी. २२ मार्चला रविवारी जनता संचारबंदी झाली, त्याच मध्यरात्रीपासून लोकल थांबल्या, आणि २५ मार्चपासून सबंध देश घरात बसला.

लोकल थांबली याचा अर्थ विरारकराला निराळा सांगावा लागत नाही. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी सुटली असे रेल्वेचा इतिहास सांगतो. चर्चगेटपर्यंतचे ते सुमारे ६० किलोमीटरांचे अंतर विरारचा माणूस रोज जाऊन-येऊन कापतो. पहाटे साडेचारला उठायचे, डबा घ्यायचा, काळोखात फलाट गाठायचा. रात्री साडेनऊला जिन्याशी चपला काढायच्या. अशा माणसाचे स्वतःचे घर त्याने दिवसाउजेडी पाहिलेले असते ते रविवारी, आणि रविवारीही अर्धा दिवस झोपेत जातो. आमच्या एका फिटर मित्राने मनवेलपाड्यातील खोलीत अकरा वर्षे काढली होती. आपल्या खिडकीत सकाळी ऊन येते की संध्याकाळी, हे त्याला एप्रिल २०२० मध्ये कळले. ही गोष्ट त्याने आम्हांला फोनवर हसत सांगितली. परंतु ऐकताना आम्हांला हसू आले नाही.

रविवारची सुटी तरी या देशातील कामगाराला आपोआप मिळाली काय? नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा भरवल्या, हजारो कामगारांच्या सह्यांचे अर्ज केले. तेव्हा कोठे १८९० साली गिरणीमालकांनी आठवड्याची ती एक सुटी मान्य केली. हेच लोखंडे मुंबईतल्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता फेब्रुवारी १८९७ मध्ये प्लेगानेच गेले. कामगाराची विश्रांती आणि शहरातील साथ या दोन गोष्टी आमच्या चळवळीच्या पहिल्या पानावरच अशा एकत्र आलेल्या आहेत. म्हणून एखाद्या कामगार कार्यकर्त्याने निसर्ग, पाखरे आणि फोटो यांविषयी बोलावे यात आम्हांला काही विपरीत वाटत नाही. ज्यांना वाटत असेल त्यांनी थोडा धीर धरावा. पगाराकडे आम्ही येणारच आहोत.

प्रथम फोटोची विद्या म्हणजे काय ते पाहू, कारण ती घरबसल्या समजावून घेण्यासारखी आहे आणि तिला एक पैसा लागत नाही. दुपारच्या वेळी खोलीच्या खिडक्या-दारे जाड पुठ्ठ्याने व चादरींनी अशी बंद करावीत की आत काळोख व्हावा. मग रस्त्याकडच्या पुठ्ठ्याला करंगळीच्या टोकाएवढे एक छिद्र पाडावे आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत पाच-दहा मिनिटे स्वस्थ बसावे. समोरच्या भिंतीवर हळूहळू बाहेरचे जग उमटू लागते, परंतु उलटे. माड छताकडून खाली लोंबतो, त्याच्या झावळ्या जमिनीपाशी हलतात आणि आकाश पायाशी येते. कारण साधे आहे. प्रकाश सरळ रेषेत जातो; माडाच्या शेंड्यावरून निघालेला किरण छिद्रातून आत शिरून भिंतीच्या खालच्या भागावर पडतो आणि बुंध्याकडचा किरण वरच्या. छिद्र मोठे केले तर चित्र उजळ होते पण अस्पष्ट. लहान केले तर रेखीव होते पण अंधुक. या अडचणीवर माणसाने भिंगाचा तोडगा काढला, आणि भिंतीच्या जागी प्रकाशाने बदलणारा पदार्थ ठेवला. झाला कॅमेरा. आज आपल्या खिशातल्या फोनमध्ये तीच काळोखी खोली आहे. ती वाटाण्याएवढी लहान झाली आहे आणि भिंतीच्या जागी प्रकाशाचे विजेत रूपांतर करणारी एक चकती आली आहे, एवढाच फरक.

दुपारी झाडाखाली जमिनीवर उन्हाचे जे गोल कवडसे पडतात तेही याच जातीचे. पानांमधल्या फटी वाकड्यातिकड्या असतात, तरी कवडसे गोल पडतात. कारण प्रत्येक कवडसा हे सूर्याचेच चित्र असते. ग्रहणाच्या वेळी हेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात.

आता गंमत अशी की ही विद्या जन्मली तीच मुळी घरच्या खिडकीत. फ्रान्समधील निसेफोर नीएप्स याने १८२६-२७ च्या सुमारास आपल्या घराच्या वरच्या मजल्यावरील खिडकीतून, कथिलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर डांबराचा थर देऊन, समोरची छपरे टिपली. उपलब्ध असलेले जगातले सर्वांत जुने कॅमेरा-चित्र ते हेच. ते उमटायला निदान आठ तास लागले असावेत असे मानतात, कारण त्यात इमारतींच्या दोन्ही बाजूंना ऊन दिसते. म्हणजे चित्र घेता घेता सूर्य पूर्वेकडून पश्चिमेला गेला! इंग्लंडमध्ये टॅलबॉटने ऑगस्ट १८३५ मध्ये घेतलेले छोटेसे चित्र आहे तेही त्याच्या घरच्या जाळीदार खिडकीचे. त्याच्या लाकडी पेट्या घरभर मांडलेल्या असत आणि त्याची बायको त्यांना उंदरांचे सापळे म्हणे. घरोघरच्या गृहिणींचे नवऱ्याच्या छंदांविषयीचे मत सर्व देशांत सारखेच असते असे दिसते.

आपल्याकडचे उदाहरण तर याहून सरस. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन आले. त्यांच्या मनात बोलपट तर नाहीच, पण मूकपट म्हणजे काय हेदेखील येथल्या भांडवलवाल्यांना पटवायचे होते, आणि पैसा जवळ नव्हता. त्यांनी घरी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ त्या रोपाची थोडी थोडी चित्रे घेतली. पडद्यावर जेमतेम मिनिटभरात बी फुटले, अंकुर वर आला, वेल झाली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने तो तुकडा प्रसिद्ध आहे. तो पाहून भांडवल मिळाले आणि मे १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. हिंदी चित्रपटाच्या एवढ्या अफाट धंद्याच्या मुळाशी घरातली एक कुंडी, एक वाटाणा आणि रोज त्याच जागी उभे राहण्याची एका माणसाची चिकाटी आहे. सरस्वतीबाईंनी फिल्म धुण्यापासून त्या उद्योगात हात दिला होता हेही सांगितले पाहिजे. आमच्या मते ती कामगार होती, नुसती पत्नी नव्हे.

रोज त्याच जागी उभे राहणे, हीच खरी किल्ली. आमच्या संघटनेतील एका टर्नरची हकीकत येथे सांगतो. वालीवच्या बाजूला एका लहान कारखान्यात तो लेथवर होता. कारखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही. बायको-मुले होळीला कोकणात गेली ती तिकडेच अडकली आणि हा फुलपाड्यात एकटा राहिला. मार्चचा पगार अर्धा आला, एप्रिलचा आलाच नाही. आम्ही त्या दिवसांत रोज वीस-पंचवीस सभासदांना फोन करीत असू, याचा प्रश्न ठरलेला असे, “भाऊ, पगाराचं काही कळलं का?” आम्ही म्हणावे, “अजून नाही.” मग दोन्हीकडे शांतता. पुढे पुढे तर तो फोन उचलीनासा झाला. शेजाऱ्याकडून कळले की माणूस दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतो, जेवला तर जेवला. आमच्या पोटात गोळा आला. मंदीत आणि बंद कारखान्यांच्या काळात अशी माणसे आम्ही पाहिलेली आहेत आणि त्यांतल्या काहींना खांदाही दिलेला आहे.

एप्रिलच्या अखेरीस एके दिवशी त्याच्याकडून फोनवर एक चित्र आले. खाली शब्द नाही. खिडकीच्या गजाबाहेर, वाळत घालायच्या दोरीच्या खिळ्याशी, गवताच्या काड्यांची एक वाटी. आम्ही लगेच फोन केला. यावेळी त्याने उचलला. “भाऊ, बुलबुल आहे. खाली बूड लाल आहे बघा.” पगाराचा प्रश्न त्याने त्या दिवशी विचारला तो त्यानंतर.

मग रोज सकाळी साडेसातला एक चित्र येऊ लागले. लालबुड्या बुलबुलाची अंडी फिकट गुलाबीसर असून त्यांवर तांबूस ठिपके असतात. ती दोन-तीन असतात आणि उबायला सुमारे दोन आठवडे लागतात. पिले निघाल्यावर नर-मादी दोघेही चारा आणतात. हे सारे आम्ही पुस्तकांत वाचून त्याला सांगावे आणि त्याने पाहून आम्हांला दुरुस्त करावे असा क्रम सुरू झाला. यंत्रावर सुताच्या हिशेबाने काम करणारा माणूस तो. मादी घरट्यावरून किती वेळ उठते, परत कोणत्या बाजूने येते, याची त्याने कागदावर टाचणे ठेवली. बुलबुल मोठे होऊन उडाले काय, याची चौकशी आमच्या युनियनच्या कार्यालयातले पंधरा-वीस लोक करू लागले. तीनपैकी दोन उडाले. तिसऱ्याला कावळ्याने नेले, आणि त्याचेही चित्र आले, कारण आता तो नोंद ठेवीत होता. दुःख झाले तरी नोंद चुकवायची नाही असा त्याचा बाणा होता.

यात चमत्कार काही नाही. भीतीने ग्रासलेले मन पुढच्या महिन्यात आणि मागच्या वर्षात भटकत असते. डोळ्याला रोज एक नेमून दिलेले काम मिळाले की ते मन थोडा वेळ आजच्या दिवसात येऊन बसते. शास्त्रज्ञांनीही याचा विचार केला आहे. रॉजर उलरिच याने १९८४ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास आहे. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनियाच्या एका इस्पितळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांच्या नोंदी त्याने तपासल्या. ४६ रोगी सारख्या वयाच्या व प्रकृतीच्या जोड्या लावून निवडले. जोडीतल्या एकाच्या खिडकीसमोर झाडे, दुसऱ्याच्या समोर विटांची भिंत. झाडे दिसणारे रोगी लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधेही कमी लागली. अभ्यास लहान आहे, त्यावरून फार मोठी इमारत उभारू नये. पण विटांच्या भिंतीकडे तोंड करून पडलेला आमचा टर्नर डोळ्यांसमोर असल्यामुळे तो आम्हांला पटला.

आमच्या एका जुन्या सहकाऱ्याने त्या दिवसांत आम्हांला खडसावले होते. “लोक उपाशी चालत गावी चाललेत, आणि तुम्ही पाखरं कसली दाखवताय?” त्यांचा राग रास्त होता. तुंगारेश्वरच्या पायथ्याच्या महामार्गावरून डोक्यावर बोचकी घेतलेली माणसे त्याच एप्रिल-मे महिन्यांत चालत होती. वसई रोडहून श्रमिक गाड्या सुटू लागल्या. त्यांतली २१ मे रोजी गोरखपूरला म्हणून निघालेली एक गाडी भलत्याच वाटेने ओडिशातील राउरकेल्याला जाऊन पोहोचली. ज्यांच्या पायाखाली डांबर तापलेले आहे त्यांना बुलबुलाचे घरटे दाखवणे हा क्रूरपणा होईल, यात शंका नाही. परंतु ज्या माणसाला घरात राहण्याचीच सक्ती आहे, ज्याला धान्याची पिशवी आम्ही पोहोचवलेली आहे आणि तरीही जो खचत चालला आहे, त्याचे काय? पोट भरले म्हणजे माणूस वाचलाच असे नाही.

या बाबतीत आम्हांला नेहमी रोझा लक्झेंबर्ग आठवतात. पहिल्या महायुद्धाला विरोध केला म्हणून त्यांना जर्मन सरकारने तुरुंगात टाकले. व्रोन्के येथील तुरुंगात १९१६-१७ मध्ये असताना त्यांना एक लहानसा बागेचा तुकडा मिळाला होता. तेथे त्या पक्ष्यांचे आवाज ओळखीत, वनस्पतींची पाने-फुले दाबून वह्यांत चिकटवीत, त्यांची शास्त्रीय नावे लिहीत. त्या वह्या आजही जपलेल्या आहेत. आणि त्याच कोठडीतून त्यांचे राजकीय लिखाण गुपचूप बाहेर जात होते. पाने गोळा केल्याने त्यांची धार बोथट झाली असे त्यांच्या शत्रूंनाही म्हणता आले नाही. जानेवारी १९१९ मध्ये त्यांचा खून करण्यात आला तो त्या फार सौम्य झाल्या होत्या म्हणून नव्हे.

दुसरा माणूस प्रागचा, योसेफ सुदेक. हा मूळचा पुस्तकबांधणीचा कारागीर. पहिल्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर त्याचा उजवा हात गेला; हात गेला म्हणजे बांधणीचा धंदा गेला. अपंग शिपायाच्या निवृत्तिवेतनावर त्याने एका हाताने कॅमेरा चालवायला घेतला. १९३९ मध्ये हिटलरच्या फौजा प्रागमध्ये शिरल्या, रस्त्यावर कॅमेरा घेऊन फिरणे धोक्याचे झाले. तेव्हा १९४० पासून त्याने आपल्या लाकडी खोपटेवजा कार्यशाळेची खिडकी टिपायला सुरुवात केली: काचेवर साचलेले दव, पलीकडचे वाकडे झाड, चौकटीवर ठेवलेला पेला, बर्फ. ही मालिका चौदा-एक वर्षे चालली. ती चित्रे पाहावीत. त्यांत कोठेही फौज दिसत नाही आणि तरी बाहेर काहीतरी भयंकर चालले आहे हे काचेवरच्या पाण्याच्या थेंबांवरूनही कळते.

विरारच्या खिडकीतून काय दिसले ते आता थोडे सांगतो, कारण आमच्याजवळ सभासदांनी पाठवलेल्या चित्रांचा मोठा साठा जमला होता. पूर्वेकडच्या घरांतून जीवदानीचा डोंगर. देऊळ बंद होते ते राज्यातील इतर देवळांबरोबर नोव्हेंबर २०२० मध्ये उघडले; पण डोंगर रोज दिसे आणि धूर-धुरळा नसल्यामुळे त्याच्यामागच्या तुंगारेश्वरच्या रांगा मोजता येत. पंजाबात जालंधरच्या लोकांना गच्चीवरून हिमालयाच्या रांगा दिसल्याची वार्ता तेव्हा सर्वत्र गाजली. आमचा डोंगर लहान, पण आनंद त्याच जातीचा. एप्रिलात बहावा पिवळा झाला, मागून गुलमोहर. भर उन्हात तांबट टुक् टुक् असा एका लयीत हातोडी मारीत बसतो. त्याचे नाव तांबट ठेवणारा माणूस नक्की कारागिरांच्या आळीतला असावा. पहाटे दयाळ गातो. कोकीळ ओरडतो, आणि तो नर असतो हे लक्षात ठेवावे. काव्यात कोकिळा गाते, झाडावर मात्र ती ठिपक्याठिपक्यांची मादी किक् किक् करीत कावळ्याच्या घरट्यावर टपून असते. शिंप्याने जास्वंदीची दोन पाने शिवून घर केलेले एका बाईंनी टिपले. त्यांना त्याचे नवल नव्हते. त्या म्हणाल्या, “हा दरवर्षी येतो. ह्यांनी या वर्षी बघितला.” ओट्यापुढची खिडकी घरातल्या बायकांना जुनीच माहीत होती, टाळेबंदीने त्यांना विश्रांती दिली नाही, उलट दिवसभर घरी बसलेल्यांचा चहा वाढला.

सूर्याचीही नोंद काही जणांनी ठेवली. टाळेबंदी लागली तेव्हा विषुवदिन नुकताच उलटला होता आणि सूर्य बहुतेक नीट पश्चिमेला मावळत होता. मग तो रोज थोडा उत्तरेकडे सरकू लागला. २१ जूनपर्यंत विरारच्या अक्षांशावर तो पश्चिमेपासून सुमारे २५ अंश उत्तरेस जातो. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण १० अंश झाकते, म्हणजे अडीच मुठी. अर्नाळ्याच्या बाजूला तोंड असलेल्या घरातून एका मुलाने त्याच गजांमधून रोज मावळता सूर्य टिपला. मार्चात डावीकडच्या माडामागे असलेला सूर्य मेअखेर पाण्याच्या टाकीपलीकडे गेला होता. जूनमध्ये पावसाने पडदा टाकला. विरार कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या अखेरच्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मेमधला तो दिवस गच्चीवर पाण्याचा पिंप मांडून सहज पाहता येतो.

चित्र घेण्याविषयी चार व्यवहाराच्या गोष्टी. फोनमध्ये लांबचे जवळ ओढून पाहिले तर बहुधा चित्र नुसते ताणले जाते. त्यापेक्षा आपण दोन पावले पुढे जावे, आणि जाता येत नसेल तर पाखरू लहान दिसले तरी चालेल, त्याच्याभोवतीचे झाड चित्रात येऊ द्यावे. खिडकीसमोर माणूस उभा केला की त्याचे तोंड काळे येते, कारण कॅमेरा मागच्या उजेडाला भुलतो. खिडकी बाजूला घ्यावी, मग वरणभाताच्या ताटापासून आजीच्या हातापर्यंत सारे सुंदर दिसते. प्रत्येक चित्राला तारीख व वेळ लिहावी. आणि घरट्यासमोरची पाने चित्रासाठी कधीही मोडू नयेत. ती पाने म्हणजे पाखराची भिंत आहे, ती मोडली की कावळ्याला वाट मोकळी होते.

निसर्ग म्हणजे नुसते समाधान, असे मात्र वसई-विरारच्या माणसाने समजू नये. आगाशी, बोळींज, नाळ्याच्या वाड्यांतला सोनचाफा आणि मोगरा त्या एप्रिलात झाडावर भरभरून होता. ही फुले पहाटेच्या लोकलने दादरच्या बाजारात जातात. लोकल नाही, देवळे नाहीत, लग्ने नाहीत. खुडलेली फुले बांधावर ओतावी लागली. त्या पिवळ्याधमक ढिगाचे एक चित्र आमच्याकडे आले होते. पाहणारा प्रथम ‘वा!’ म्हणे आणि मग गप्प होई. तसेच पाण्याचे. जुलै २०१८ च्या पुरात वसई-विरार दिवसेंदिवस पाण्यात होते. पाणी मुरायच्या पाणथळ जागा आणि मिठागरे भरावाखाली घालीत गेल्यावर पाऊस खिडकीत उभे राहून पाहण्यापुरता राहत नाही, तो घरात येतो.

ज्यांना खिडकीच नाही त्यांचेही बोलले पाहिजे. डोंगराच्या अंगाला एकमेकींना पाठ लावून उभ्या केलेल्या चाळींत अशा खोल्या आहेत की त्यांना दार हीच एक फट. असेल तेथे खिडकी उघडते ती शेजारच्या भिंतीवर किंवा गटारावर. मुंबईत १८९६ चा प्लेग आला तेव्हा कोंदट वस्त्यांकडे सरकारचे लक्ष गेले आणि १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला तो घरांना हवा-उजेड मिळावा या नावाने. त्याने गरिबांची घरे पाडली अधिक आणि बांधली कमी, हा भाग वेगळा. तरीही हवा-उजेड हा आरोग्याचा हक्क आहे हे तत्त्व तेव्हापासून कागदावर आले. सव्वाशे वर्षांनी दुसरी साथ आली तेव्हा विरारच्या चाळींत ते कागदावरून भिंतीपर्यंत पोहोचलेले नव्हते. कामगाराच्या मागण्यांच्या यादीत पगार, महागाई भत्ता, बोनस यांच्यासोबत खिडकी घातली पाहिजे, असे आम्ही २०२० च्या पावसाळ्यात आमच्या सभासदांपुढे मांडले. दोघे हसले, बाकीच्यांनी हात वर केला.

त्या प्लेगाचीही छायाचित्रे आहेत. १८९६-९७ मध्ये सरकारी मंडळींनी आल्बम तयार करून घेतले: शिपाई घराघरांत शिरताहेत, सामान बाहेर काढले आहे, इस्पितळांत ओळीने खाटा. त्यांत आमची माणसे समोर उभी आहेत, कॅमेरा मात्र साहेबाच्या हाती. २०२० च्या साथीत कॅमेरा प्रथमच कामगाराच्या हाती होता, आणि त्याने तो दोन्हीकडे वळवला. पगाराचे सांगतो म्हटले होते ते हेच. २९ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने टाळेबंदीच्या काळातील पगार कापू नयेत असा हुकूम काढला. तो १८ मेपासून मागे घेण्यात आला. १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी आपसांत बोलणी करून मिटवावे असे सांगितले. बोलणी करायची तर पुरावा हवा. आमचा तो टर्नर, जूनमध्ये बंधने सैल होताच, चालत कारखान्यावर गेला. फाटकावर हजेरीचे तक्ते आणि कमी केलेल्यांची यादी लावली होती. त्याने बुलबुलाची घेतली होती तशीच त्यांची चित्रे घेतली: बाजूच्या उजेडात, जवळ जाऊन, अक्षर न् अक्षर वाचता येईल अशी, खाली तारीख आणि वेळ. दुसऱ्या दिवशी ती यादी फाटकावरून काढून टाकण्यात आली. चित्र आमच्याजवळ होते. त्याचा उपयोग होऊन चौदा जणांचा दीड महिन्याचा पगार निघाला. सगळा निघाला नाही.

१५ जून २०२० पासून अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी लोकल सुरू झाल्या. इतरांना ठरावीक वेळांत १ फेब्रुवारी २०२१ पासून प्रवेश मिळाला, एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेने तो पुन्हा गेला आणि लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांसाठी १५ ऑगस्ट २०२१ ला परत आला. मधला तो एप्रिल विरारला फार जड गेला. येथल्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला २३ एप्रिलच्या पहाटे आग लागून करोनाचे रुग्ण दगावले. त्या आठवड्यात आमच्या मंडळीत कोणीही चित्र पाठवले नाही, आणि आम्हीही मागितले नाही.

त्या दीड वर्षातील चित्रांतून निवडून सुमारे दोनशे आम्ही कागदावर छापून घेतली आहेत. फोन पडतात, बिघडतात, हप्त्यावर बदलले जातात आणि त्यांच्याबरोबर आठवणीही जातात, कागद टिकतो. प्रत्येकीच्या मागे घेणाऱ्याचा धंदा, वस्ती, तारीख आणि वेळ लिहिली आहे. बुलबुलाच्या ओळीतच फाटकावरची ती यादी आणि बांधावरचा सोनचाफा ठेवला आहे. ज्या कोणाजवळ त्या दिवसांची विरार, नालासोपारा, वसईकडची चित्रे असतील त्यांनी व्याख्यान संपल्यावर आम्हांला भेटावे. छपाईचा खर्च संघटना करते. तारीख तेवढी आठवून आणावी.